दहा वर्षांचे पीक

भारतीय क्रिकेटला आमच्या जिल्ह्याने दोन मोठे खेळाडू दिले, असे आम्ही नगरकर आल्यागेल्याला सांगत असतो. एक श्रीरामपूरचा झहीर खान आणि दुसरा संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्द गावी जन्मलेला अजिंक्य रहाणे. (सरकारदरबारी २०२४ पासून आमचा जिल्हा अहिल्यानगर झाला आहे. पण तोंडातली सवय इतक्यात जायची नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.) सांगताना छाती फुगते हे खरे. परंतु मी पडलो मराठीचा मास्तर, तेव्हा ‘दिले’ या क्रियापदापाशी जरा अडखळतो. झहीर तरुणपणी मुंबईला गेला आणि त्याच्या गोलंदाजीला धार चढली ती चेन्नईत, एका टायर-कंपनीने १९८७ साली काढलेल्या वेगवान गोलंदाजांच्या शाळेत. रहाणे लहानाचा मोठा झाला तो डोंबिवलीत. म्हणजे बी आमचे, पण वाफा, पाणी आणि राखण दुसऱ्याची.

क्रिकेटमध्ये हे खपून जाते, कारण मुलाच्या हाती बॅट देणारे गल्लोगल्ली भेटतात. फुटबॉलचे तसे नाही. जगात जिथे हा खेळ पोटापाण्याचा धंदा झाला आहे, तिथे खेळाडू बाजारात मिळेल तसा उचलायचा आणि जोडीला घरीही पिकवायचा, अशी रीत आहे. घरी पिकवण्याच्या या शेताला अकादमी म्हणतात. आमच्याकडे अडसाली ऊस अठरा महिन्यांनी तोडणीला येतो तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. इथे आठ-नऊ वर्षांच्या पोराला हाताशी धरायचे आणि तो अठरा-एकोणीस वर्षांचा होईपर्यंत वाट पाहायची. दहा वर्षांचे पीक! आणि तेही शंभर रोपांतून एखादे हाती लागेल या बोलीवर.

ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबाच्या अकादमीचे नावच मुळी ‘भविष्यकाळ’ या अर्थाचे आहे. तिथे मुलगा पारखताना चार गोष्टी बघण्याची परंपरा आहे: तंत्र, खेळाची समज, स्वभाव आणि वेग. यांतला वेग बऱ्याच अंशी जन्माबरोबर येतो, तंत्र शिकवता येते. पण समज आणि स्वभाव यांचे काय? म्हणून लहान मुलांना पुऱ्या मैदानावर अकरा-अकरांच्या फळीत उतरवीत नाहीत. छोटे मैदान, चार-चार किंवा पाच-पाच गडी आणि एक चेंडू. कारण साधे आहे. बावीसजणांच्या खेळात आठ वर्षांचे पोर पाऊण तास नुसते धावते आणि चेंडू त्याच्या पायाला लागतो चार वेळा. आठजणांत तोच चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येतो आणि दर खेपेला त्याला काहीतरी ठरवावे लागते. प्रशिक्षकाने ओरडून सांगितलेले उत्तर त्याला फारसे उपयोगी पडत नाही. आपण चुकलो हे त्याचे त्याला कळले तर पडते. हे वाचताना मला आमच्या वर्गातल्या साठ-सत्तर मुलांचा चेहरा आठवला. असो.

मूल पारखण्यातली मोठी फसगत वयाची असते. निवडीचे वर्ष १ जानेवारीपासून मोजले, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघे एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे चार बोटे उंची आणि दंडात दुप्पट जोर. निवडणारा थोराड पोरगा उचलतो, तो जास्त सामने खेळतो, म्हणून आणखी तयार होतो. आणि डिसेंबरातला, कदाचित अधिक गुणी असलेला, घरी जातो. युरोपातल्या अकादमींत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते, हे अभ्यासकांनी पुनःपुन्हा दाखवले आहे. आपल्याकडे या फसगतीला आणखी एक फाटा आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून ही जन्मतारीख टाकून मोकळे होत, त्यामुळे अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! तो भोळेपणा होता. आता वय चोरणे हा हिशेबीपणा झाला आहे, आणि त्यावर उतारा म्हणून वयोगटाच्या स्पर्धांपूर्वी मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ताडतात. कागद खोटे बोलतो, मनगटाला ते सहजी जमत नाही.

क्लब हा सारा खटाटोप का करतात? हौस असते, गावाचा अभिमान असतो. पण मुख्य म्हणजे पैसा असतो. आयाक्समध्ये नवव्या वर्षी आलेला माथाइस द लिख्त २०१९ साली युव्हेंटस क्लबाने साडेसात कोटी युरो मोजून नेला. शिवाय जागतिक फुटबॉल संघटनेचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. व्यावसायिक खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात पैसे देऊन गेला, की त्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना त्याला ज्या ज्या क्लबांनी शिकवले, त्यांच्यात वाटायचे. बाराव्या ते पंधराव्या वर्षांसाठी वर्षाला पाव टक्का, पुढे वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे एक कोटीचा सौदा झाला, तर बारा ते पंधरा अशी चार वर्षे त्या पोराला सांभाळणाऱ्या क्लबाला एक लाख रुपये मिळावेत. आमच्या धंद्यात असा नियम असता, तर कितीतरी मराठी शाळांची गळकी कौले बदलून झाली असती.

गेल्या उन्हाळ्यात या विषयात मी शिरलो, त्याला निमित्त झाले आमच्या शेजारच्या गृहस्थांचे. ते बँकेत आहेत. मुलगा बारा वर्षांचा, पायाशी चेंडू आला की जेवण विसरणारा. एके संध्याकाळी ते गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिका घेऊन आले. पुस्तिका एका निवासी फुटबॉल अकादमीची. वर परदेशी क्लबाचे बोधचिन्ह, आत हिरवेगार मैदान आणि शेवटच्या पानावर वर्षाच्या शुल्काचा आकडा.

“सर, तुम्ही शिकवणारी माणसे. पाठवावे का पोराला, एवढेच सांगा.”

फुटबॉलचा आणि माझा संबंध महाविद्यालयाच्या मैदानाच्या कडेला उभे राहण्यापुरता. पण प्रश्न खेळापेक्षा शिक्षणाचा होता, म्हणून मी चौकशीला लागलो. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की अकादमी हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावला जातो. एकीत क्लब मुलाला निवडतो आणि त्याचे खाणे, राहणे, शाळा यांचा खर्च स्वतः करतो. दुसरीत मुलाचा बाप शुल्क भरतो आणि परदेशी क्लबाचे नाव भाड्याने आणलेले असते. दुसरी वाईटच असते असे नाही. पोहण्याच्या नाहीतर तबल्याच्या शिकवणीसारखी ती एक शिकवणी आहे. फक्त तिथे आपला मुलगा हे गिऱ्हाईक आहे हे बापाने विसरू नये. पहिल्या प्रकारात तो भांडवल असतो. आणि भांडवल असण्यातही धोका आहे, तो पुण्याच्या कहाणीत दिसतो.

नगरहून तीन तासांवर असलेल्या पुण्यात २००७ साली पुणे फुटबॉल क्लब निघाला. मागे मोठा उद्योगसमूह होता. दोन वर्षांत तो आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत पोचला आणि २०११ साली त्याने आपली अकादमी उघडली. काम चोख होते. देशभरातून मुले निवडून आणली. त्यांच्या शाळेची, आहाराची, वैद्याची व्यवस्था केली. केरळातल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन इथे आला, पुढे स्पेनच्या व्हिल्यारियल क्लबाच्या तरुण संघात काही काळ राहिला आणि २०१९ च्या आशिया चषकात भारताकडून खेळला. पुण्यालाच शिवाजियन्स या जुन्या संघाला एका बांधकाम-व्यावसायिकाने हात दिला आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्याने निवासी अकादमी काढली. मिझोरमच्या लुंगलेईचा लालियनझुआला छांगटे हा चपळ मुलगा तिथे तयार झाला. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत देशाच्या फुटबॉल महासंघाने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवले.

आता दुसरी बाजू ऐका. पुणे फुटबॉल क्लब २०१५ च्या हंगामानंतर आवरला गेला. त्याची अकादमी एफ. सी. पुणे सिटी या नव्या क्लबाने घेतली. तो स्वतः २०१९ साली बंद पडला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा क्लब आला. तो क्लबही २०२५ साली हलून दिल्लीला गेला. भारत एफ. सी. नावाचा आणखी एक क्लब पुण्यात एकच हंगाम खेळून २०१५ साली थांबला. शिवाजियन्सचा पाठीराखा व्यवसाय अडचणीत आला आणि २०१७ नंतर त्या संघाचे आणि अकादमीचेही दिवे मालवले. दहा-बारा वर्षांत एका शहरातून इतके क्लब गेले! यांतल्या कुणी मुलांना वाईट शिकवले म्हणून ते बुडाले नाहीत. शिकवणे उत्तम होते. पण मालकाच्या ताळेबंदात अकादमी ही खर्चाच्या रकान्यातली ओळ असते, आणि व्यवसायाचे वर्ष वाईट गेले की कात्री आधी अशा ओळीवर चालते. मालकाचा हिशेब एका वर्षाचा आणि पीक दहा वर्षांचे. मेळ बसावा कसा? २०२५ च्या जुलैत तर देशातली सर्वांत वरची लीगच करारांच्या घोळात स्थगित झाली आणि काही क्लबांनी आपले कामकाज थांबवले. चौदा वर्षांचा जो मुलगा घर, शाळा आणि भाषा सोडून वसतिगृहात आलेला असतो, त्याला अशा वेळी कोण काय सांगत असेल?

अनिकेत जाधव या कोल्हापूरच्या मुलाचा प्रवास मला म्हणूनच बोलका वाटतो. २००० सालचा जन्म, वडील रिक्षाचालक. राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीने त्याला बालेवाडीला आणले. तिथून तो पुणे फुटबॉल क्लबाच्या अकादमीत गेला आणि पुढे महासंघाने त्याला सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तयारीसाठी निवडले. २०१७ च्या ऑक्टोबरात ही स्पर्धा भारतात झाली. दिल्लीच्या मैदानावर आपण अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांशीही हरलो, पण विश्वचषकाच्या कुठल्याही वयोगटातला भारताचा पहिला गोल त्याच वेळी झाला, आणि त्या संघात आपला हा कोल्हापूरकर होता. पुढे तो जमशेदपूरकडून खेळला आणि २०२२ साली लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघातही होता. ज्या अकादमीने त्याला हाताशी धरले, ती ज्या क्लबाच्या पदरी पडली, त्याच्याच जागी आलेला हा हैदराबादचा क्लब. दैवाचे फेरे म्हणतात ते असे. परंतु बारकाईने पाहिले तर अनिकेतला पहिली पायरी दिली शासनाने, तिसरी महासंघाने. मधली पायरी खचली तेव्हा त्याचा पाय पुढच्या पायरीवर पडलेला होता. ज्यांचा पडलेला नव्हता, अशा मुलांची नावे कुठे छापून येत नाहीत.

मालक टिकाऊ असला तर चित्र बदलते. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्याने १९८७ साली फुटबॉल अकादमी काढली. कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग, महेश गवळी, सुब्रत पाल असे भारताचे कितीतरी खेळाडू तिथून निघाले. त्या गावात कारखाना आहे तोवर अकादमी आहे, हे तिथले शेंबडे पोरही जाणते.

आणि आपल्या कोल्हापुरात काय आहे? पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही फुटबॉल-संघांची नावे आहेत. एकेकाळी जिथे लाल मातीत जोर-बैठका घुमत, तिथल्याच पेठेतल्या पोरांनी चेंडू घेतला आणि शाहू स्टेडियमवर दर हंगामाला अशी गर्दी लोटते की पाहुण्याला वाटावे आज कुस्तीचे मैदानच आहे. तालमीची रीत आम्हा नगरकरांना ठाऊक आहे. २०२५ साली महाराष्ट्र केसरीचा आखाडा आमच्याच शहरात रंगला. तालमीत वस्ताद असतो, खुराक असतो, पहाटेची शिस्त असते. म्हटले तर सगळी अकादमीच. फरक एका गोष्टीचा. जो पोरगा मोठा पैलवान होत नाही, त्याला तालीम घरी पाठवीत नाही. तो पुढे दूध घालो, हमाली करो की कचेरीत बसो. सकाळी दोन जोर मारायला आणि गणपतीत वर्गणी मागायला तो तिथेच येतो. तालीम पेठेची असते, म्हणून तिला बंद करणारा मालकच नसतो. हेही मान्य केले पाहिजे की तालीम-संघांत शास्त्र कमी पडते. आठ वर्षांच्या मुलासाठी बांधलेला अभ्यासक्रम, आहारतज्ज्ञ, मनगटाचे एक्स-रे हे तिथे कुठून यायचे? नुसत्या प्रेमाने खेळाडू घडला असता, तर विश्वचषक कोल्हापुरातच राहिला असता.

शास्त्रही असावे आणि मालकी गावाची असावी, असे जगात कुठे आहे का? आहे, आणि नगरकराला ते कळायला जड जाऊ नये. बार्सेलोना हा जगप्रसिद्ध क्लब कुणा धनिकाचा नाही. त्याचे लाखाहून अधिक सभासद आहेत, ते मतदान करून अध्यक्ष निवडतात. म्हणजे आपल्या भाषेत ती सहकारी संस्था! १९७९ साली त्यांनी मैदानाशेजारचे अठराव्या शतकातले एक शेतघर परगावच्या मुलांसाठी वसतिगृह केले. आंद्रेस इनिएस्ता १९९६ साली बाराव्या वर्षी तिथे आला. सुरुवातीच्या रात्री रडून काढल्या, हे पुढे त्यानेच सांगितले आहे. २०१० साली जगातला सर्वोत्तम खेळाडू निवडताना शेवटी जे तिघे उरले, मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, ते तिघेही त्याच घरातले. उत्तर स्पेनमधला बिल्बावचा ॲथलेटिक क्लबही सभासदांचा. त्यांचा बाणा असा, की जो बास्क मुलखातला किंवा तिथे घडलेला, तोच आमच्याकडून खेळेल. १९७१ पासून लेझामा गावी त्यांची अकादमी आहे. इतके स्वतःला बांधून घेऊनही हा क्लब स्पेनच्या वरच्या श्रेणीतून आजवर एकदाही खाली घसरलेला नाही. २०२४ साली चाळीस वर्षांनी त्यांनी राजाचा चषक जिंकला, तेव्हा खेळाडूंना नावेत बसवून नदीतून मिरवले आणि दोन्ही काठांवर लाखो माणसे उभी होती. बाहेरचा तयार खेळाडू विकत घ्यायचा नाही म्हटल्यावर त्यांना घरचे रोप टाकून देणे परवडतच नाही.

आमच्या जिल्ह्यात लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला आणि त्याच्या आसऱ्याने पुढे शाळा, महाविद्यालये, दवाखाने आले. ऊस घालणारे मालक, म्हणून त्यांच्या पोरांची सोय पाहणे ओघाने आले. सहकार म्हटला की सारे सोवळे असते असे मी म्हणणार नाही. बंद पडलेल्या कारखान्यांची धुराडी आम्ही रोज पाहतो, आणि बार्सेलोनानेही इतके कर्ज करून ठेवले की २०२१ साली मेस्सीला जाऊ द्यावे लागले. पण तिथली अकादमी चालूच राहिली. ती मोडायची तर सभासदांच्या सभेत उभे राहून तसे म्हणावे लागले असते.

उरलेल्या मुलांचा प्रश्न मात्र कुणालाच पुरता सुटलेला नाही. इंग्लंडात नवव्या वर्षापासून मुलांची नोंद होते, सोळाव्या वर्षी दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते आणि अठराव्या वर्षी बहुतेकांना निरोप. २०१२ साली तिथे अकादमींच्या दर्जाची नवी व्यवस्था लागू झाली, तीत शिक्षणाची सक्ती आहे. तरी लहानपणापासून ‘मी फुटबॉलपटू’ एवढीच ओळख असलेल्या पोराचे एका पत्राने काय होते, याची तिथे बरीच चर्चा झाली, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबाने २०२१ साली अशा मुलांना तीन वर्षे आधार देण्याची योजना काढली. म्हणजे ज्याला नारळ दिला, त्याच्या घरी पुढची तीन वर्षे विचारपूस. आमच्याकडच्या पुस्तिकांत हे पान अजून छापले गेलेले मी पाहिलेले नाही.

शेजाऱ्यांना मी ‘पाठवा’ असेही म्हटले नाही आणि ‘पाठवू नका’ असेही नाही. आम्ही दोघांनी बसून अकादमीला एक पत्र लिहिले. प्रश्न असे: महासंघाची मान्यता आहे का, आणि मुलाची नोंद कोणत्या क्लबाच्या नावे होईल? शाळा कोणती, आणि दहावीची परीक्षा सामन्याच्या दिवशी आली तर कोण माघार घेईल? गुडघा दुखावला तर खर्च कुणाचा? गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेली मुले आज काय करतात? आणि शेवटचा, अकादमी मध्येच बंद झाली तर मुलाचे शालेय वर्ष कोण पुरे करील? त्यांच्या पत्नीने खाली आणखी एक ओळ घालायला लावली: रात्रीच्या जेवणात पोळी असते की पाव?

आठ दिवसांत उत्तर आले. पोळी असते, आणि वर्षाचे शुल्क एकरकमी भरल्यास दहा टक्के सूट मिळेल. बाकीच्या प्रश्नांसाठी प्रत्यक्ष भेटावे, असे लिहिले होते. दिवाळीच्या सुट्टीत बापलेक जाऊन येणार आहेत.